डोलकाठी आतून मऊ होती

जहाजाला डोलकाठ्या तीन होत्या, पण नुसतं 'काठी' म्हटलं की सगळ्यांना मधली मोठीच कळायची. डेकवर तिचा बुंधा एवढा जाड, की दोघांनी कवेत घेतला तरच हाताला हात लागे. तिथून ती मालाच्या कोठारातून खाली थेट जहाजाच्या तळात जाऊन बसलेली. वर शिडं आणि वारा, खाली माणसांचा संसार. कुणी तिला पाठ टेकून सदरा शिवायचं, कुणी वाळत घातलेल्या कपड्यांची राखण करतो म्हणत डुलकी काढायचं. एका खिळ्याला दाढीचा आरसा कायमचा टांगलेला. भांडणंही तिथेच लागत आणि जेवणवेळ झाली की तिथेच मिटत.

तिची देखभाल सुतारबाबांकडे होती. बासष्ट वर्षांचा माणूस, त्यातली चाळीस पाण्यावर गेलेली. शिडी उतरताना त्यांचे गुडघे असे वाजत, की खलाशांचा मुकादम असलेला तांडेल म्हणायचा, "सुतारबाबा आले, आधी आवाज येतो, मग माणूस."

त्यांचा जावई त्याच जहाजावर होता. काठीवर चढून शिडं सोडायची आणि गुंडाळायची हे त्याचं काम. त्याला जहाजावर दुसरं नाव उरलंच नव्हतं. कप्तानापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे त्याला 'जावई'च म्हणत. "काय जावई, वर जाताय की अजून मानपानाची वाट बघताय?" तोही हसत हसत दोरांवर पाय टाकायचा. सासऱ्यांना तो मामा म्हणे.

परतीच्या प्रवासासाठी माल भरून झाला, आणि निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सुतारबाबा काठी तपासायला बसले. डेकमधून काठी खाली जाते तिथे फटीतून पाणी शिरू नये म्हणून डांबर लावलेलं जाड कापड गुंडाळलेलं असतं. ते एका बाजूने सुटलं होतं. त्यांनी ते पुरतं सोडवलं, काठी हातोडीने ठोकून पाहिली. आवाज बसका आला. मग त्यांनी टोचा लावला. टोचा मुठीपर्यंत आत गेला, आणि बाहेर काढला तेव्हा त्याला ओला, काळपट भुसा चिकटलेला होता.

ते तसेच बसून राहिले. कप्तानाला सांगायचं म्हणजे माल उतरवायचा, काठी उपसून काढायची, नवं लाकूड आणायचं, तासायचं. यात दोन महिने सहज जाणार होते. आणि त्यांच्या खिशात मुलीचं पत्र होतं. पाचेक आठवड्यांत ती बाळंत होणार होती. आई दोन वर्षांपूर्वी गेली, घरात दुसरं कुणी नाही. तिने लिहिलं होतं, "तुम्ही दोघंही वेळेवर या. मला एकटीला हे जमणार नाही." जावयाने ते पत्र इतक्यांदा मागून वाचलं होतं, की घड्यांवर कागद फाटायला आला होता.

प्रवास चोवीस दिवसांचा. ऋतू शांत. चोवीस दिवस तर काठी उभी राहीलच, असं सुतारबाबांनी स्वतःला सांगितलं. भोकात लाकडाची खुंटी ठोकली, वरून डांबर भरलं, कापड पुन्हा आवळून बांधलं.

दुपारी कप्तानाने विचारलं, "काठी कशी आहे?"

"ठीक आहे."

एवढंच बोलले. मागच्या चाळीस वर्षांत कुठल्याही कप्तानाने त्यांच्या शब्दावर दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. यानेही नाही.

पण प्रवास सुरू झाला आणि त्यांचा जीव थाऱ्यावर राहीना. जावई वर चढला की हे हातातलं काम टाकून काठीपाशी येऊन उभे. पाचरी ठोकायचं निमित्त काढायचं, कापडावरून हात फिरवायचा, मान वर करून बघायचं. मानेला कळ लागायची. दिवसातून पाच-सहा वेळा तो चढायचा आणि पाच-सहा वेळा हे त्याचे पाय डेकवर टेकेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. जेवण जाईना. दहाव्या दिवशी जावई खाली उतरून म्हणाला, "मामा, मी काही आज पहिल्यांदा चढत नाही. असे काय बघत असता?"

"मान अवघडलीय, तिला व्यायाम देतो," सुतारबाबा म्हणाले.

त्यांना सांगून टाकावंसं वाटलं. पण आता सांगून तरी काय, भर समुद्रात काठी कुठून आणणार, असं म्हणून ते पुन्हा पाचरीकडे वळले.

अकराव्या दिवशी दुपारी वारा फिरला. तासाभरात लाटा डेकवर यायला लागल्या. वरचं मोठं शीड फुगून तट्ट झालं आणि तांडेल ओरडला, "जावई, वर! शीड गुंडाळ!"

सुतारबाबांचा तळवा काठीवर होता. आतून बारीक थरथर येत होती. दात दुखायला लागायच्या आधी जबड्यात जाणवते तशी. जावयाने दोराला हात घातला आणि यांनी मागून त्याचा सदरा धरला.

"नाही चढायचं."

"मामा, सोडा. वेळ नाही."

"नाही चढायचं म्हणतो ना! काठी सडलीय. डेकपाशी आतून मऊ झालीय. तुझ्या वजनाने नाही, पण शिडाच्या ओढीने जाईल, आणि तू वर असशील."

तांडेल बघत राहिला. कप्तान सुकाणूपासून पुढे आला. "कधीपासून माहीत आहे?"

"निघायच्या आधीपासून."

कप्तानाने वर शिडाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "शीड उतरवायचं कसं मग?"

"खालचे दोर कापा. शीड फाटेल, फाटू दे."

कुऱ्हाडीने दोर तोडले. शीड मोकळं सुटून असं फडफडायला लागलं, की सगळं जहाज हादरे खाऊ लागलं. पाव तास सगळे हाताला लागेल ते धरून उभे होते. मग शिडाच्या चिंध्या उडून गेल्या, आणि त्याच वेळी डेकपाशी काठी कडाडली. हाताचं बोट जाईल एवढी फट, पुरुषभर उंच. पण दोन्ही बाजूंना ताणलेल्या दोरांनी तिला धरून ठेवलं. ती उभी राहिली.

वारा संध्याकाळी पडला. पुढचे दोन दिवस सुतारबाबा काठीच्या बुंध्याशीच होते. जादा ठेवलेल्या वाशांचे तुकडे करून त्यांनी ते काठीभोवती उभे लावले, ओल्या दोराचे वेढे घातले, आणि वेढ्यांत पाचरी ठोकून ते करकचून आवळले. मोडलेल्या पायाला कामट्या बांधतात तसं. हाताशी माणसं होती, पण कुणी गप्पा मारत नव्हतं. एकाने तर काठीवरचा आपला आरसा काढून नेला.

जावई दोर ओढायला आला तो दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी. दोन वेढे आवळून झाले. मग म्हणाला, "मला निदान विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

त्याने दोर काठीला एक वेढा देऊन धरला.

"गप्प बसा, म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

"तेच चुकलं," जावई म्हणाला. "मी गप्प बसा म्हणालो असतो तर वर चढताना मला माहीत तरी असतं. मरणारा मी, आणि ठरवलं तुम्ही."

सुतारबाबांनी पाचर लावली, हातोडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "खरं आहे," एवढंच म्हणाले. मग हातोडी परत उचलून पाचर ठोकली.

चार दिवसांनी जहाज रखडत जवळच्या बंदराला लागलं. घर अजून बरंच लांब होतं. कप्तानाने त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, असं सुतारबाबांना वाटलं.

"नवी काठी तुम्हीच घडवायची," कप्तान म्हणाला. "तुमच्याइतकं कुणाला येत नाही, हे मला आजही मान्य आहे. पण ती उभी राहिली की तुम्ही उतरायचं. परत माझ्या जहाजावर चढायचं नाही."

"बरं."

"आणि जावयाला मी उद्याच्या जहाजाने घरी पाठवतोय."

सुतारबाबांना त्यावर आभार मानायचे होते. पण ते उठले आणि नवं लाकूड बघायला गेले.

सकाळी जावई पिशवी खांद्यावर टाकून लाकडाच्या वखारीत आला. सुतारबाबा एका लांबलचक ओंडक्यावर बसून वाकसाने साल काढत होते. "तिला काय सांगू?" त्याने विचारलं.

"झालं ते सांग. माझ्या बाजूने काही जोडू नकोस."

जावई वाकून पाया पडायला गेला, मधेच थांबला, आणि तसाच निघून गेला.

काठीला सात आठवडे लागले. पाचव्या आठवड्यात पत्र आलं: मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, जावई आदल्याच दिवशी पोचला होता. अक्षर जावयाचं होतं. सुतारबाबांसाठी निरोप काही नव्हता. त्यांनी पत्र कनवटीला खोचलं आणि रंधा पुन्हा हातात घेतला. काठी उभी राहिली त्या दिवशी त्यांनी हत्यारांची पेटी उचलली आणि कुणाचा निरोप न घेता उतरले.

ते घरी पोचले तेव्हा नात दीड महिन्याची झाली होती. दार मुलीने उघडलं. तिच्या खांद्यावर बाळ झोपलेलं. तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला सगळं कळलेलं आहे, हे त्यांना दिसलं.

"बोलायचंय मला तुमच्याशी," ती म्हणाली. "पुष्कळ बोलायचंय. पण आधी आत या. पाणी तापवते, अंघोळ करून घ्या."

सुतारबाबांनी पेटी उंबऱ्यापाशी ठेवली आणि तिथेच खाली बसून बुटांचे बंद सोडायला लागले. बोटं ताठरली होती, गाठ सुटेना. आत चुलीवर पातेलं ठेवल्याचा आवाज आला. त्यांना घाई नव्हती.