माझ्या गळाला न लागलेला मासा

मी एक जुनी गळाची काठी आहे. तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, ही कसली गळाची काठी, ही तर छडी. म्हणा खुशाल. मी आखूड आहे, कारण मला एका पाच वर्षांच्या मुलीच्या मापाने कापलं होतं. वय वाढलं म्हणून काठी वाढत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आधी आपल्या चांगल्या दिवसांचं कौतुक सांगतात. मीही सांगणार आहे. फक्त एक गोष्ट आधीच बोलून टाकते, म्हणजे नंतर गैरसमज नको. माझं ज्या कामासाठी कौतुक झालं, ते काम मी केलेलंच नाही.

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकच्या दुकानात माझा जन्म झाला. दुकानाच्या मागच्या दाराला पडदा लावायचा म्हणून त्याने एक लांब बांबू आणला. जाड भाग पडद्याला लागला. तो माझा थोरला भाऊ, अजून तिथेच आडवा पडून आहे. निमुळता तुकडा उरला, ती मी. मी भंगारातच जायची, पण मेकॅनिकची मुलगी स्टुलावर पाय हलवत बसली होती. तिला घरात सगळे टिकली म्हणत, कारण जन्मली तेव्हा एवढीशी होती. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं.

"बाबा, ही मला दे ना," टिकली म्हणाली. "मग मी पण येईन तुझ्याबरोबर मासे पकडायला."

तिच्या बाबाने मला पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलं. मशीनवर दोरा ज्या कडीतून जातो तसली एक कडी माझ्या टोकाला बांधली. रिकाम्या बॉबिनवर बारीक नायलॉनचा दोरा गुंडाळून तो माझ्या कमरेला बसवला. मुठीला पकड यावी म्हणून माप घ्यायची जुनी कापडी टेप गुंडाळली. त्यामुळे माझ्या मुठीवर अजूनही इंचांचे पुसट आकडे आहेत. पाण्यावर तरंगायला बाटलीचं बूच लावलं आणि ते टिकलीच्या आईच्या नेलपॉलिशने लाल रंगवलं. आईने त्यावरून दोन दिवस तोंड फुगवलं होतं.

गळ मात्र त्याने सगळ्यात शेवटी बांधला. गळाच्या टोकाजवळ एक बारीक उलटा काटा असतो. रुतलेला मासा त्याच्यामुळे सुटत नाही. बाबाने कानस घेतली, भिंग डोळ्याला लावलं आणि तो उलटा काटा घासून सपाट करून टाकला.

"तिच्या बोटात गेला तर सरळ बाहेर निघायला हवा," तो आईला म्हणाला.

हे मी मुद्दाम सांगते. तो माणूस वाईट नव्हता. पुढचं ऐकताना तुम्ही हे विसराल म्हणून सांगते, कारण मीही कितीदा विसरते.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही बंदराच्या धक्क्यावर जायचो. बाबाची काठी लांब, फिरकी लावलेली, मोठ्या बहिणीच्या तोऱ्यात उभी असायची. तिला खोल पाणी, मला धक्क्याच्या पायऱ्यांजवळचं उथळ पाणी. तिथे बोटाएवढे रुपेरी मासे फिरायचे. टिकली पावाचा मऊ भाग थुंकी लावून मळायची, त्याची गोळी गळाला लावायची आणि मला दोन्ही हातांनी धरून बसायची. बसायची म्हणजे काय, तोंड सतत चालू. मासे झोपतात का, मासे रडले तर कळतं का, पाण्याखाली पाऊस पडतो का. बाबा तिला उत्तरं द्यायचा. कधी खरी, कधी थापा. मला दोन्ही आवडायची.

आणि मग एके दिवशी बूच बुडालं. मित्रांनो, मासा गळाला लागतो तेव्हा काठीला काय होतं हे तुम्हाला सांगूनही कळणार नाही. टोकापासून मुठीपर्यंत थरथर उतरते. ती मला झाली, माझ्यातून टिकलीच्या तळहाताला झाली. तिने श्वास रोखला. मला वर उचललं, मासा पाण्याबाहेर आला, उन्हात एकदा चमकला आणि निसटून परत पाण्यात पडला. गळाला उलटा काटाच नव्हता, तो थांबणार कशाला?

टिकली खदाखदा हसली. "बाबा, बघितलंस? तो आला, मला बघितलं आणि घरी गेला."

"मग? त्याची आई वाट बघत असेल," बाबा म्हणाला. तोही हसत होता. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली सकाळ कोणती असं विचाराल, तर ती. हाती काही न लागलेली.

अशा बऱ्याच सकाळी झाल्या. मासे यायचे, पाव खायचे, थोडं थरथरून निघून जायचे. टिकलीची बादली रिकामी असायची आणि तिला त्याचं काही वाटत नसायचं. वाटायला लागलं ते तिच्या बाबाला. कारण धक्क्यावर आम्ही एकटे नव्हतो. शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर बसायचा. डोक्यावरची टोपी तो आंघोळीलाही काढत नसावा, म्हणून सगळे त्याला टोपीकाका म्हणत. त्याची जीभ त्याच्या गळापेक्षा धारदार होती.

"काय मेकॅनिक," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "पोरीने माशांसाठी खानावळ काढली की काय? रोज फुकट जेवून जातात."

सगळे हसायचे. टिकलीही हसायची, तिला खानावळीची कल्पना फार आवडली होती. बाबा आधी हसायचा, मग नुसता ओठ ताणायचा, मग तेही बंद झालं. "सरळ बस," तो तिला सांगू लागला. "बडबड करू नकोस, मासे पळतात. बुचाकडे बघ. माझ्याकडे नको, बुचाकडे." टिकलीचे प्रश्न कमी झाले. मला वाटलं, आता हा मला नवा, काट्याचा गळ लावेल. पण तिच्या बोटाची भीती त्याला होतीच. बोटाला जपायचं आणि मासाही हवा. दोन्ही कसं जमावं?

त्या वर्षी धक्क्यावरच्या मंडळींनी लहान मुलांची स्पर्धा ठेवली. जो पहिला मासा काढेल त्याला चकचकीत कप. टोपीकाकाच परीक्षक होता. बाबाने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं की आमची टिकली उतरणार आहे म्हणून. स्पर्धेच्या सकाळी तो 'जागा धरायला' म्हणून उजाडताच एकटा निघाला. त्याने स्वतःची काठी घेतली आणि मलाही बरोबर नेलं. त्याने खोल पाण्यातून एक मासा काढला, पायरीजवळच्या माशांपेक्षा जरा मोठा. तो पाण्याच्या डब्यात ठेवला आणि डब्यावर ओला पंचा टाकला. मी भिंतीला टेकून हे सगळं पाहत होते. मला वाटलं, टिकलीला दाखवायला ठेवला असेल.

मग मुलं आली, टिकलीही आईबरोबर आली, शिट्टी वाजली, बुचं पाण्यात पडली. टिकली माझी मूठ घट्ट धरून बसली होती. बराच वेळ कोणालाच काही लागलं नाही. बाबा मागे घुटमळत होता. शेवटी तो म्हणाला, "टिकले, मी धरतो काठी. आईजवळ पाण्याची बाटली आहे, एक घोट पिऊन ये. ऊन बघ किती आहे."

"मला तहान नाहीये."

"जा म्हटलं ना."

ती गेली. त्याने मला बाहेर ओढलं, पंच्याखाली हात घातला, मासा काढला आणि माझा घासलेला गळ त्याच्या ओठात घातला. मशीनच्या सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच वेळ त्याला लागला. टोपीकाका दुसऱ्या टोकाला एका मुलाचा गुंता सोडवत होता. माझं बूच पुन्हा पाण्यात पडलं आणि बाबा ओरडला, "टिकले, पळ! लागला बघ, लागला!"

ती धावत आली. तिने मला उचललं. मित्रांनो, मासा वर आला, पण मी थरथरले नाही. तो थकलेला मासा ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. टिकलीच्या तळहाताला काय पोचलं असेल? जे मला पोचलं तेच. काहीच नाही.

टाळ्यांचा गजर झाला. टोपीकाकाने शिट्टी फुंकून निकाल दिला. एवढ्यात शेजारच्या चष्मेवाल्या मुलीची काठी गदगदा हलली आणि तिने खरोखरचा, फडफडणारा मासा बाहेर काढला. तिला दुसरा नंबर मिळाला. दुसऱ्या नंबराला काही नव्हतं. तिने रडू आवरायला चष्मा काढून पुसायला घेतला.

टिकलीला कप दिला, फोटो काढला. त्यानंतर ती बादलीवर वाकून बसली आणि माशाच्या तोंडाकडे खूप वेळ बघत राहिली. मग तिने एकदा चष्मेवालीकडे बघितलं, एकदा बाबाकडे. एरवी घरी गेल्यावर ती मला जुन्या रुमालाने पुसायची, कडीला चिकटलेलं मीठ बोटाने काढायची. त्या दिवशी तिने मला दाराच्या मागे उभं केलं आणि हात धुतले.

माझे कौतुकाचे दिवस सुरू झाले ते इथून. बाबाने मला दुकानात काउंटरच्या वर दोन खिळ्यांवर लावलं. खाली तो फोटो, फळीवर कप. मशीन दुरुस्तीला आणणाऱ्या प्रत्येक बाईला माझी गोष्ट ऐकावी लागायची. पहिल्या वर्षी मासा होता तेवढाच होता. पुढे तो वीतभर झाला, मग हातभर. आणखी काही वर्षं गेली असती तर त्याने धक्काच गिळला असता. बायका "हो का!" म्हणत घड्याळाकडे बघायच्या. टिकली दुकानात असली तर गोष्ट सुरू होताच पडदा सारून आत निघून जायची. माझ्या थोरल्या भावाच्या खालून, मान खाली घालून.

धक्क्यावर ती पुन्हा आली नाही. आधी पोट दुखायचं, मग गृहपाठ असायचा, मग बाबाने विचारणंच सोडलं. "हल्लीच्या पोरांना कशाची आवडच नाही," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. लहानपणी ती त्याला अरेतुरे करायची. हळूहळू 'अहो बाबा' म्हणू लागली. लोकांना वाटलं, मुलगी मोठी झाली, वळण लागलं.

माझं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. नायलॉनचा दोरा कडक होऊन तुटला. बुचाचा रंग उडाला. छताला कोळ्यांची जाळी व्हायला लागली तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की माझी लांबी त्याला नेमकी पुरते. तेव्हापासून मला खिळ्यांवरून काढायचे, टोकाला चिंधी बांधायचे, जाळी काढायचे आणि परत कौतुकाच्या जागी लावायचे.

टिकली शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या गावी गेली, लग्न झालं. गेल्या सुट्टीत ती माहेरी आली ती पाच वर्षांच्या मुलीला घेऊन. बाबाचे आता केस पिकलेत, सुईत दोरा ओवताना हात कापतो. नात आली म्हटल्यावर तो हरखून गेला. त्याने मला खाली काढलं, चिंधी सोडली, नवा दोरा बांधला. कुठूनशी नेलपॉलिशची बाटलीही पैदा केली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आशा आली. मला वाटलं, पुन्हा एकदा थरथर होईल.

टिकली खुर्चीत बसून मुलीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"उद्या सकाळी हिला धक्क्यावर नेतो," बाबा म्हणाला. "बघच तू, पहिल्याच दिवशी मासा काढून दाखवते की नाही."

"नको, बाबा."

"नको काय? तुला मीच नेलं होतं ना? कप मिळवलास तू."

तिने हातातल्या फ्रॉकची घडी पूर्ण केली. मग शांतपणे म्हणाली, "त्या माशाच्या ओठाला दोन भोकं होती, बाबा. एक माझ्या गळाचं, साधं. दुसरं फाटलेलं होतं, उलट्या काट्याने फाटतं तसं."

बाबाच्या हातातला नेलपॉलिशचा ब्रश तसाच राहिला.

"तुला कधी कळलं?"

"तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता," टिकली म्हणाली. "आणि मला मासा नकोच होता. मला तुमच्याशेजारी नुसतं बसायला आवडायचं. तुम्हाला ते पुरलं नाही."

ब्रशवरचा लाल थेंब माझ्यावर पडला, तो तसाच वाळला.

आता माझ्या गोष्टीच्या शेवटी मी काहीतरी मागायला हवं. जुन्या वस्तूंची काळजी घ्या, आम्हाला पुसत जा, अडगळीत टाकू नका, असं मी म्हणावं अशी तुमची अपेक्षा असेल. माझी काळजी नाही घेतलीत तरी चालेल. मी बांबू आहे. पण मित्रांनो, तुम्ही एक दिवस मोठे व्हाल, तुमच्या शेजारी कोणीतरी लहान बसेल आणि त्याची बादली रिकामी असेल. लोक हसतील. तेव्हा ती बादली भरायला जाऊ नका. ती त्याची आहे. त्याच्या शेजारी बसा आणि मासे झोपतात का ते त्याला सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिकलीची बॅग भरून दारात ठेवलेली होती. नात काउंटरवर चढून माझ्याकडे बोट दाखवत होती. बाबाने मला पुन्हा खिळ्यांवर लावलं होतं, पण खालचा फोटो तिथे नव्हता.

"आजोबा, ही कसली काठी आहे?"

बाबाने एकदा दाराकडे बघितलं. टिकली पाठमोरी उभी होती, चपला घालत होती.

"ती होय," तो म्हणाला. "जाळी काढायची काठी आहे, बाळा."

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल तो पहिल्यांदाच खरं बोलला.