लालबागेत अडलेला रशियन शब्द

आईशप्पथ! देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णावर हात ठेवून, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडून सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या सोलकढीला जन्मात रंग चढायचा नाही. मग तर झालं?

तर लालबागला, आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर मनवा राहते. कलिन्याला विद्यापीठात जाऊन रशियन शिकलेली पोरगी. रशियन गोष्टींवरचं एक जाडजूड पुस्तक ती दोन वर्षं इंग्लिशमध्ये करत होती. तिचं पहिलंच. सगळं झालं आणि एका शब्दाशी गाडं अडलं. स्काझ.

स्काझ म्हणजे लिहिलेलीच गोष्ट, पण वाचताना वाटावं की कुणीतरी समोर मांडी घालून बसलंय आणि आपल्या तोंडच्या भाषेत सांगतंय. अर्थ मनवाला झोपेत विचारला तरी आला असता. इंग्लिशमधला शब्द तेवढा येत नव्हता.

दादरच्या संपादक सुमेधाबाईंनी सकाळीच फोनवर सुनावलं होतं. "हे बघ मनवा, तो शब्द पुस्तकात दीडशे वेळा आहे. रशियनच ठेवलास तर वाचणारा पानापानाला ठेचकाळेल. आणि ते तुझं 'ओरल नॅरेटिव्ह स्टाइल' नको गं, औषधाच्या बाटलीवर लिहिल्यासारखं वाटतं. पाचपर्यंत दे. नाहीतर पुस्तक दुसऱ्या अनुवादकाकडे, त्या सौमित्रकडे जाईल. तो तयारच बसलाय."

दोन वर्षं हिने डोळे फोडायचे आणि नाव सौमित्रचं? मनवाला जेवण गेलं नाही.

दुपारचे तीन वाजले. चिवडा गल्लीतून खमंग वास वर येत होता, गॅलरीतल्या दोरीवर साड्या हलत होत्या आणि त्यांच्या सावल्या मनवाच्या लादीवर पाण्यासारख्या सरकत होत्या. तेवढ्यात जिना वाजला. तो शब्दच वर आला! डोक्यावर केसाळ टोपी, लोकरीचा कोट, मे महिन्यात. दारात बूट काढले, कोट खुंटीला लावला आणि गुपचूप स्टुलावर बसला.

मनवाने त्याला एकेक इंग्लिश कपडा चढवून बघितला. 'ओरल नॅरेटिव्ह' काखेत काचत होता. 'फोक टेल' घातला तर जत्रेतल्या सोंगासारखा दिसायला लागला. 'यार्न' म्हणजे दर्यावर्द्यांच्या गप्पा, त्यात तो खलाशी वाटला. प्रत्येक वेळी तो कपड्याची नीट घडी करून तिच्या हातात परत द्यायचा.

चार वाजता शेजारचे भिवाकाका आले. चाळीस वर्षं रे रोडला लाकडाच्या वखारीत करवतीवर होते. त्यांना रोज दुपारी कुणीतरी ऐकायला लागतं.

"मनवा, रशियाचाच करतंस मा तू? मगे ऐक. आमच्या वखारीत एकदा रशियाचा लाकूड इला. ह्या एवढा! गोदीतसून आणूक बारा माणसा लागली."

मनवाचे डोळे लॅपटॉपवर. काका सांगत होते, सालीला अजून बर्फ होतं, ते वितळेना, उन्हात निळं निळं दिसायचं. स्टुलावरचा शब्द त्यांच्याकडे वळून बसला.

"नी मी करवत टेकवली. तर आतसून आवाज इलो..."

काका थांबले. मनवा टाइप करत राहिली.

"झाली गोष्ट," काका उठले.

"अहो, अशी कशी झाली?"

"मी कोणाक सांगतंय? भिंतीक? हूं म्हणाक तुझे दात पडतत?"

मनवाने बघितलं तर शब्दही उठला होता. कोट अंगात, टोपी डोक्यावर, एक बूट पायात. तिने धाडकन लॅपटॉप मिटला. "हूं! हूं म्हटलं काका, बसा ना! मग?"

काका बसले. शब्दही बसला.

"मगे काय? आवाज इलो, हळू रे बाबा, माका गुदगुल्यो होतत!"

"रशियाचं लाकूड मालवणीत बोललं?"

"मगे? ऐकूक कोण होतो? मीच मा!"

मनवा हसायला लागली. दोरीवरच्या साड्यांमधून थोडा बर्फ भुरभुरला, तिच्या हातावर पडला. खरंच की. दोन वर्षं ती सांगणाऱ्याचं तोंड कसं चालतं तेच बघत होती. समोर हूं म्हणणारा कोण बसलाय, हे तिने एकदाही बघितलं नव्हतं. इंग्लिश माणूस आपल्या घरी, आजीपुढे बसून हूं म्हणत असेल, तर तो ह्या सांगण्याला काय म्हणेल? कॉलेजातला शब्द थोडाच वापरेल?

"टेलिंग," ती हळूच म्हणाली. "अ टेलिंग."

शब्दाने तो कपडा घातला. साधा, घरात घालायचा. हात वर करून बघितले, कुठे काचलं नाही. मग रशियन कोट खुंटीलाच ठेवून तो जिना उतरून गेला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना तिने मेल टाकला. पाचच्या ठोक्याला फोन वाजला.

"टेलिंग? एवढंच?" सुमेधाबाई म्हणाल्या. "अगं, हे तर शेंबड्या पोरालाही येतं."

मनवाने वाद घातला नाही. "मॅडम, एक पान वाचते," म्हणाली आणि तो शब्द घालून पान वाचायला लागली, गॅलरीत बसून शेजारणीला सांगावं तसं. तिसऱ्या ओळीला पलीकडून आवाज आला, "हं." मग परत, "हं." पान संपलं तर बाई म्हणतात, "मग?"

"मग पुढचं पान, मॅडम."

दोघी हसल्या. "राहू दे टेलिंग," सुमेधाबाई म्हणाल्या. "पुस्तकावर तुझं नाव कसं लिहायचं ते कळव. वडिलांचं घालायचं की नुसतंच?"

आता बाळकृष्ण मघापासून माझ्याकडे बघतोय, म्हणून सांगूनच टाकते. टोपी खरी, बर्फ खरा, लाकूड तर खरंच खरं. फोन तेवढा पाचच्या ठोक्याला नाही आला. सव्वापाचला आला. ती पंधरा मिनिटं पोरगी कशी बसली होती ते मी तिच्या दारातून बघितलंय, आणि ते काही मला सांगवेना.