आर्णीलेच नेऊ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हरण्यानं कडब्याला तोंड लावलं नाही, आणि विमलताईंच्या काळजात धस्स झालं. बैल कोठ्यात मान खाली घालून उभा होता. डावी कूस टम्म फुगलेली, तोंडातून लाळ गळत होती, मागचे पाय थरथरत होते आणि मधूनच तो दात करकर खात होता. जोडीदार शिंगऱ्या शेजारीच उभा राहून मजेत कडबा चावत होता. त्याला काही झालं नव्हतं.

हरण्या म्हणजे विमलताईंचा जीव की प्राण. त्याची माय त्याला जन्म देतानाच मेली, तेव्हा विमलताईंनी त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. आता तो सात वर्षांचा धिप्पाड बैल झाला, तरी त्यांची चाहूल लागली की वासरासारखा हंबरायचा. त्यांचे यजमान पुंडलिकराव चिडून म्हणायचे, "बैल हाये तो, पोरगा नोहे." विमलताई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. आज हरण्या हंबरला नाही. त्यांनी मानेवरून हात फिरवला, तरी त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

"कपिल, अरे कपिल! ऊठ लवकर! हरण्याले काय झालं पाह्य ते!"

कपिल, त्यांचा तिशीतला मुलगा, डोळे चोळत आला. मागून पुंडलिकराव आले. तिघांनी बैलाभोवती फेऱ्या मारल्या आणि मग कोणत्या दवाखान्यात न्यायचं याचा वाद सुरू झाला. या घरात साध्या चहात साखर किती यावरही तीन मतं असतात. इथं तर बैल होता.

कपिलनं मोबाईल काढला. "यवतमाळले एक दवाखाना हाये. पाच स्टार. दोनशे लोकायनं चांगलं लिहिलं."

"काय लिहिलं?" पुंडलिकरावांनी विचारलं.

कपिलनं वाचलं आणि त्याचा आवाज बारीक झाला. "कुत्र्याचे केस छान कापून देतात, म्हनते."

"मग आपल्या हरण्याची हजामत करून आन," पुंडलिकराव म्हणाले. यवतमाळ तिथंच निकालात निघालं.

दुसरा दवाखाना चार किलोमीटरवर, बोरी अरबला. सरकारी. तिथं दोन वर्षांपासून डॉक्टर दीपा होत्या. हुशार, फोन केला की स्कूटीवर हजर. पण गावात त्यांना 'चौकशीवाली' म्हणत. इंजेक्शन नंतर, आधी प्रश्न. काय खाल्लं, कधी खाल्लं, कोणी घातलं, किती घातलं. शेजारच्या हंसाबाईची शेळी आजारी पडली तेव्हा त्यांनी चारचौघांत विचारून विचारून हंसाबाईकडून कबूल करून घेतलं होतं की लग्नातला उरलेला भात तिनंच घमेलंभर शेळीपुढे ठेवला होता. शेळी बरी झाली, पण हंसाबाई महिनाभर तोंड लपवत होती.

तिसरा होता आर्णीचा खासगी डॉक्टर. तासाभराच्या वरची वाट. पण त्याचं नाव मोठं होतं. जनावर गाडीतून उतरायच्या आत तो इंजेक्शन भरून उभा असतो, असं लोक सांगत. एक शब्द विचारत नाही. दोन सुया, एक सलाईन, चला घरी.

"आर्णीलेच नेऊ," विमलताई म्हणाल्या.

"हो, आर्णीलेच," पुंडलिकराव लगेच म्हणाले.

कपिल बघतच राहिला. त्याच्या जन्मापासून आईबापांचं एका दमात एका गोष्टीवर एकमत झालेलं त्यानं पाहिलं नव्हतं. "अवो, बोरीचा दवाखाना हाये ना चार किलोमीटरवर! त्या बाई घरी येतात."

"तिले काय समजते? सुई तं मारत नाही," विमलताई फटकन बोलल्या. बोलताना त्यांनी कपिलकडे पाहिलं नाही.

खरी गोष्ट त्यांच्या मनात काट्यासारखी टोचत होती. पोळ्याच्या चार दिवस आधी याच डॉक्टर बाईंनी ग्रामपंचायतीत सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं. बैल पुरणपोळी खातो ती मायेपोटी, पण त्याच्या पोटाला ती सोसत नाही. घरोघरी एकेक दिली तरी पंचवीस होतात, म्हणून नैवेद्याच्या दोनच द्या, बाकी हिरवा चारा. पुंडलिकरावांनी तर भर सभेत उठून सांगितलं होतं, "आमच्या घरी शिस्त हाये बाई. दोन म्हंजे दोन!"

आणि विमलताईंनी काल काय केलं? पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदशेकणीला, हरण्याच्या खांद्याला हळद-लोणी लावून रीतीप्रमाणे त्याला म्हणाल्या होत्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आता घरी जेवायला बोलावलेल्याला दोन पोळ्यांवर उठवायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल घरी आले. सगळ्यांसमोर त्यांनी ओवाळलं, दोन-दोन पोळ्या दिल्या. मग माणसं ओसरीत जेवायला बसली, तशा त्या पदराखाली डबा घेऊन कोठ्यात गेल्या. हरण्यानं नऊ पोळ्या खाल्ल्या आणि परातीतलं उरलेलं पुरण चाटूनपुसून साफ केलं. शिंगऱ्यानं मान पुढे केली होती. त्याला त्यांनी नाकावर एक चापट दिली होती.

आर्णीच्या डॉक्टरनं हे विचारलं नसतं. एवढंच त्यांचं आर्णीप्रेम होतं.

कपिल गावातल्या देवसिंगची पिकअप गाडी घेऊन आला. मागचा फाळका पाडला, चढण म्हणून फळी लावली. पुंडलिकरावांनी पुढून ओढलं, कपिलनं मागून रेटलं. हरण्यानं फळीवर एक पाय ठेवला, हिंदकळला आणि तिथंच पुढच्या गुडघ्यांवर बसला. मग एका कुशीवर कलंडला. डोळे अर्धे मिटले.

विमलताई धावल्या. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कान गार पडले होते. तासाभराचा रस्ता, खड्डे, धक्के, आणि तिकडे न विचारता मारलेली सुई. हा बैल आर्णी काही पाहत नाही, हे त्यांना एकाएकी कळून चुकलं. आणि तो मेला तर का मेला हे जगात फक्त त्यांनाच माहीत असणार होतं.

"बलाव तिले," त्या म्हणाल्या.

"कोनाले?"

"त्या चौकशीवालीले! फोन लाव लवकर!"

पुंडलिकराव काहीतरी बोलायला गेले, पण कपिलनं फोन लावलाही होता.

डॉक्टर दीपा पंचवीस मिनिटांत आल्या. लहान चणीच्या, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या बाई. स्कूटीवरून उतरल्या त्या थेट बैलापाशी बसल्या. नाडी पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला, कुशीवर मूठ दाबली, शेणाचा पो काडीनं उकरून वास घेतला. तोवर अंगणात शेजारपाजार जमला होता. सगळ्यांत पुढे अर्थातच हंसाबाई होती.

"लाळ गळते, थरथर आहे, शेण पातळ. काका, फवारणी कधी केली?"

"परवा. पऱ्हाटीले," पुंडलिकराव म्हणाले.

"औषधाचा डबा, भिजलेलं गवत, काही याच्या तोंडाशी आलं असेल?"

"आलं असन बाप्पा. सांगता येत नाही." पुंडलिकरावांनी नजर चुकवली.

बाईंनी पिशवीतून एक कुपी काढली, सुईत औषध भरलं. विमलताईंना आयुष्यात पहिल्यांदा सुई पाहून बरं वाटलं नाही.

"बरं, काल पोळ्याला काय-काय खाल्लं?" बाईंनी विचारलं.

"दोन पोळ्या," पुंडलिकराव म्हणाले. "सांगतलं होतं ना तुमाले. शिस्त हाये."

बाईंनी सुई धरलेला हात थांबवला आणि तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. "नीट आठवून सांगा. फवाऱ्याचं विष असेल तर ही सुई याला वाचवेल. पण पोट पुरणानं, धान्यानं गच्च भरलेलं असेल, तर हीच सुई पोटाचं उरलंसुरलं चालणंही थांबवेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही. फवारणीच्या दिवसांत मी आधी विषच धरते. दोनच पोळ्या खाल्ल्या असतील, तर देते."

हंसाबाईनं कान टवकारले. विमलताईंना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. नवरा काय म्हणेल, गाव काय म्हणेल, हंसाबाई तर वर्षभर हेच चघळत बसेल. मांडीवरच्या डोक्यानं एकदा जड श्वास सोडला.

"नका मारू सुई!" त्या ओरडल्याच. "नऊ. नऊ पोळ्या मीनं चारल्या. चोरून. अन् परातभर पुरन. बाई, मले काय म्हनाचं ते म्हना, पन माह्या हरण्याले वाचवा!" आणि त्या ढसाढसा रडू लागल्या.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सुई बाजूला ठेवली. पण कपाळावरची आठी गेली नाही. "मावशी, चारशे किलोचा बैल आहे. नऊ पोळ्यांनी पोट बिघडेल, पण असा आडवा पडणार नाही. अजून काहीतरी आहे."

"माह्याकून पेढे," कपिल मान खाली घालून म्हणाला. "पावभर. व्हिडिओ काढाले."

"पेढ्यांनीही नाही."

पुंडलिकराव उभे होते. डोक्यावरची टोपी त्यांनी काढली, हातात घेतली, चुरगाळली.

"गहू," ते म्हणाले. "टोपलंभर. रातभर भिजू घातले होते. काल पहाटी चारले. तोरनाखाली आपला बैल उठून दिसला पाहिजे, म्हनून."

हंसाबाईच्या तोंडाचा आ झाला. विमलताईंचं रडणं गपकन थांबलं. शिस्त! दोन म्हंजे दोन! पण त्या क्षणी त्यांना राग आला नाही. डोक्यावरचा हंडा कोणीतरी अर्धा उतरवून घ्यावा तसं त्यांना वाटलं.

"आता कळलं," बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. तोंडातून पोटात नळी घातली. आंबलेलं पाणी भसाभस बाहेर आलं, त्याचा वास अख्ख्या अंगणात पसरला आणि जमलेली निम्मी माणसं नाक दाबून घरी गेली. पोट धुऊन काढलं, मग त्याच नळीतून खायचा सोडा पाण्यात कालवून दिला. सलाईनच्या बाटल्या कपिल उंच धरून उभा राहिला. हात भरून आला तरी त्यानं एकदाही मोबाईल काढला नाही. दुपार कलल्यावर हरण्यानं मान उचलली. सूर्य मावळायच्या आत तो धडपडत उठला आणि अर्धी बादली पाणी प्याला.

"आज उभा राहिला. पण रवंथ करेपर्यंत मी काही बोलणार नाही," असं सांगून बाई गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी न बोलावता परत आल्या, तपासलं, आणखी औषध पाजून पुढच्या गावाला गेल्या.

विमलताई कोठ्यातून हलल्या नाहीत. पुंडलिकरावही शेजारी पोत्यावर येऊन बसले. अकराच्या सुमारास हरण्याच्या गळ्यातून एक गोळा वर सरकला. जबडा एकदा हलला, थांबला, परत हलला. मग तो डोळे मिटून संथपणे रवंथ करू लागला.

विमलताईंनी दोन्ही हात जोडले. कोणाला जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. छातीवरचं ओझं उतरलं होतं. त्या एकाच वेळी हसतही होत्या आणि डोळेही पुसत होत्या. हसता हसता त्यांच्या एकदम ध्यानात आलं.

"म्हंजे तुमी आर्णी-आर्णी करत होते, ते..."

"अन् तू काहून करत होती?" पुंडलिकराव म्हणाले.

दोघंही हसले. मग पुंडलिकरावांचं हसू ओसरलं.

"कपिलची माय," ते हळू आवाजात म्हणाले, "तू बोलली नसती ना, तं मी बोललो नसतो. बैल मरू देला असता मीनं. पन बोललो नसतो."

चाळीस वर्षांच्या संसारात विमलताईंच्या हाती एवढं मोठं टोमण्याचं भांडवल कधी आलं नव्हतं. पुढची दहा वर्षं पुरलं असतं. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

"बोलले ना?" त्या म्हणाल्या. "झालं मंग."

आणि पोत्यावर थोडं सरकून त्यांनी त्याला हरण्याजवळ जागा करून दिली.