सहाशे तीन मीटरवरचा निळा पंखा

“अहो, दरीत कशाला बघताय? माझ्या पाठीकडे बघा आणि चला,” बायको म्हणाली. “लग्नापासून माझ्या मागनंच चालताय, आज काय नवीन आहे का?”

काकांनी तिच्या पाठीकडे बघायचा प्रयत्न केला. पायवाट चांगली दोन हात रुंद होती, पण तिच्या डाव्या अंगाला काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याकडेच त्यांची नजर पुन्हा पुन्हा जात होती. सर्वांत पुढे मोजणीच्या मॅडम चालल्या होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, पाठीला उंची मोजायच्या यंत्राची पिशवी, आणि चाल अशी की जणू घरातल्या घरात फिरतायत.

काका नकाशा कार्यालयात आरेखक होते. चौतीस वर्षं त्यांनी तिरप्या टेबलाशी बसून डोंगर काढले. मोजणीवाले डोंगर चढून आकडे आणायचे आणि काका त्या आकड्यांवरून सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा ओढायचे, केसासारख्या बारीक. स्वतः मात्र ते एकाही डोंगरावर गेले नव्हते. स्टुलावर चढलं तरी त्यांना गरगरायचं. घरातला बल्ब बायको बदलायची आणि काका खाली स्टूल धरून उभे राहायचे. साहेब म्हणायचे, “सगळे डोंगर याच्या मुठीत, आणि हा पक्का घरकोंबडा!” काकाही हसायचे. खोटं काय होतं त्यात?

महिन्यापूर्वी ते निवृत्त झाले. नकाशाची नवी आवृत्ती आता संगणकावर निघत होती आणि काकांच्या हातची एकही रेघ तिच्यात राहणार नव्हती. याचं त्यांना वाईट वाटलं होतं, पण काळच बदलला, त्याला कोण काय करणार! त्यांचा जीव अडकला होता तो एका चिन्हात. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नकाशातल्या ह्याच डोंगराच्या माथ्यावर त्यांनी एक इवलासा निळा पंखा काढला होता. निळा पंखा म्हणजे इथून समुद्राचा मोठा देखावा दिसतो. तो काढायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पट्टी लावून, डोंगराच्या पुढे आलेल्या सोंडेची उंची वजा करून त्यांनी स्वतःच हिशेब मांडला होता, की समुद्र तीन बाजूंनी दिसलाच पाहिजे. आणि आता गिर्यारोहकांची पत्रं आली होती. तीन तास चढलो, समुद्राचा थेंब दिसला नाही, तुमचा नकाशा खोटा आहे. मॅडम येऊन बघणार होत्या आणि ते चिन्ह काढून टाकणार होत्या. निवृत्तीच्या कागदांसाठी ऑफिसात गेलेल्या काकांना हे कळलं, तेव्हा त्यांच्या तोंडून “मी येतो” असं निघून गेलं. घरी आल्यावर बायकोने एवढंच विचारलं, “आणि तुम्हाला धरणार कोण?” मग तिने स्वतःचे कॅनव्हासचे बूट काढून झटकले.

साडेदहाला ते पोचले. मोकळं सपाट मैदान, एक बाक, लोखंडी खांब आणि त्यावर पाटी: माथा. समोर झाडीने भरलेली सोंड आडवी पसरली होती. तिच्यावर आभाळ होतं. समुद्र नव्हता.

मॅडमनी चारी बाजूंना बघितलं. मग हळूच म्हणाल्या, “काका, सॉरी. पत्रं खरी आहेत.”

काका बाकावर बसले. चौतीस वर्षांत कोणाचं रागावणंही त्यांना एवढं लागलं नव्हतं, जेवढं हे हळू बोलणं लागलं. आपण टेबलाशी बसून लोकांना थापा मारल्या, असं त्यांना वाटलं. बायकोने पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी घेतली नाही.

“तुमचं यंत्र काय म्हणतंय?” त्यांनी उगाच विचारलं. “उंची?”

“पाचशे अठ्ठ्याऐंशी.”

काका ताडकन उठले. “किती? पाचशे अठ्ठ्याऐंशी? मग हा माथा नाहीच! माथा सहाशे तीन आहे. सहाशेच्या रेघेचं कडं मी मसुरीच्या डाळीएवढं काढलंय, हात थरथरू नये म्हणून श्वास रोखून!”

“पण काका, पाटी तर इथेच आहे.”

“खांब उचलून आणणाऱ्यांना इथे दम लागला असेल, मॅडम. त्यांनी टेकवला आणि लोक वाचून इथूनच माघारी फिरले. अजून पंधरा मीटर डोंगर शिल्लक आहे!”

मैदानाच्या मागच्या टोकाला, दाट उंच झाडीत दडून, तो होता. काळा उघडा कातळ, आणि त्यावर चढायला पायऱ्या नाहीत, नुसत्या खाचा. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही थांबा, मी बघून येते.” पण हिशेब काकांचा होता, तो दुसऱ्याने जाऊन तपासायचा? त्यांनी चष्म्याची दोरी मानेमागे घट्ट केली आणि मॅडमच्या मागोमाग चक्क रांगत निघाले. खालून बायको एकेका खाचेत त्यांचा पाय धरून ठेवत होती. “डावा. आता उजवा. अहो, उजवा म्हणजे उजवा!” वर पोचेपर्यंत त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. दगडाचा उंचवटा दोन्ही हातांनी कवटाळून ते तसेच बसले.

“मॅडम, मी सांगतो, तुम्ही बघा,” ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. “डावीकडे खाडीचं तोंड. त्यात लांबट बेट.”

“आहे.”

“समोर मोकळं पाणी. उजवीकडे जमिनीचं टोक पाण्यात आत गेलंय, त्याच्या पायाशी तीन खडक.”

“दोनच दिसतायत, काका.”

“मग भरती असणार. तिसरा ओहोटीतच दिसतो.”

मॅडम मोठ्याने हसल्या. मागोमाग वर आलेल्या बायकोने काकांचा खांदा हलवला. “अहो, सगळं जिथल्या तिथे आहे. आता तरी डोळे उघडा.”

काकांनी उघडले. आयुष्यभर त्यांनी समुद्र म्हणून कागदाचा एक कोपरा सपाट निळ्या रंगाने भरला होता, त्यात काढण्यासारखं काही नसतं म्हणून. आता तो डावीकडून सुरू होऊन उजवीकडे संपतच नव्हता. त्यांना खूप गरगरत होतं आणि खूप आनंद होत होता. “बरोबर होतं गं माझं,” ते म्हणाले. “बसल्या जागेवरून बरोबर होतं!”

मॅडमनी पिशवीतून पडताळणीचा कागद काढला. ‘चिन्ह कायम. पाटी हलवावी,’ असं लिहून त्यांनी तो काकांपुढे धरला. “इथे सही करा, काका. पूर्ण नावाची.”

“आरेखकाचं नाव कुठे लागत नाही, मॅडम. साहेबाची सही असते.”

“जागेवर जाऊन कोणी बघितलं, ते लिहावं लागतं. तुम्ही बघितलंत.”

वारा कागद उडवत होता. बायकोने त्याचे दोन कोपरे दाबून धरले. काकांनी उजवा हात दगडावरून सोडवला आणि पेन मागितलं.