दौलतची निशाणी

कोर्टाच्या गोष्टी वाचणाऱ्यांना शेवटच्या पानावर दार ढकलून आत येणारा साक्षीदार आवडतो. सरुबाईच्या खटल्यात असलं कुणी आलं नाही. जे होतं ते पहिल्या तारखेपासून टेबलावर पडून होतं, आणि शिकलेल्या एकालाही दिसलं नाही.

अंबरपेठेतलं दोन खोल्यांचं घर सरुबाईच्या बापानं, दौलतनं, स्वतः भिंती रचून बांधलं होतं. बाप मेल्यावर चिक्कडपल्लीचे व्यापारी हिम्मतराव पाटील उर्दू कागद घेऊन उभे राहिले. म्हणे, दौलत आमच्या गावचा महार. जागा मला विकली, माझ्यासमोर सहीच्या जागी निशाणी केली.

छप्पन सालचा डिसेंबर. राज्य भाषेवार फुटलेलं. मराठी जज्ज महिनाअखेर मराठी मुलखात निघालेले.

सरुबाई आपल्या वकिलाला, सूर्यभानला, म्हणाली, "बापाची निशाणी तरी दावा मला."

सूर्यभाननं उर्दू मजकूर चारदा वाचला होता. खालच्या रेघांकडे बघितलंच नव्हतं. सरुबाईनं बघितलं आणि हसली.

"ह्यो तर नांगर! नांगर पाटलाचा. आमचा दोर असतोय. कागद लिवणाऱ्या मुनशीनं धन्याच्या घरची सवय गिरवली, दुसरं काय."

"मावशी, हे तुम्ही सांगून चालायचं नाही. त्यांच्या तोंडून यायला हवं. नवा परमुलखी जज्ज आला तर त्याला नांगर काय आणि दोर काय, सारखंच."

"आन् ते खोटं बोलले तर?"

"तर घर गेलं."

पुढच्या तारखेला हिम्मतराव पिंजऱ्यात उभे राहिले. सूर्यभाननं विचारलं, "तुमच्या वडिलांची निशाणी काय होती?"

"नांगर. सात पिढ्यांचा."

"महारांचीही नांगरच असेल?"

"महाराची काय बिशाद! त्याचा दोर."

हिम्मतरावांचा वकील उठायच्या आत सूर्यभाननं कागद पुढे धरला. "मग हे काय आहे?"

हिम्मतरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "शहरात आल्यावर माजला असेल. काढला असेल."

एवढं उत्तर जज्जांना पुरलं असतं. सूर्यभाननं लगेच विचारलं,

"तुमच्यासमोर काढला ना? म्हणजे पाटलासमोर महारानं नांगर काढला, आणि पाटलानं काढू दिला?"

"मी काढू देईन? हात तोडला असता हात!"

जज्ज लिहायचे थांबले. मग खाली मान घालून पुन्हा लिहू लागले.

निकाल एकोणतीस तारखेला लागला. कागद बनावट, घर सरुबाईचं. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या हिम्मतरावांवर त्यांचा वकील चिडला होता. "एक 'हौ, बनाने दिया' बोल देते तो क्या जाता था, रावसाहब?"

"कैसे बोलता?" हिम्मतराव म्हणाले.

सूर्यभान म्हणाला, "चला मावशी, जिंकलो."

"जिंकले कशाची? त्याच्या माजानं घर दिलं, तुमच्या कायद्यानं न्हाई. निकालाची नक्कल हातात पडू दे. जज्जसाब गेले की कुणाला इचारू?"

ती त्याच बाकावर टेकली. हिम्मतराव झटकन उठले. सरुबाई पाय लांब करून ऐसपैस बसली.