ओकच्या पानाचं लोणी

"आज जरा पिवळं आलंय बघ. गवत हिरवं झालंय ना," म्हणत डॉर्कसकाकीने टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं.

दुकानदार लेमुएल ट्रास्कने श्वास रोखला, सुरीचं टोक लोण्यात खुपसून नाकाशी नेल्यासारखं केलं आणि मान डोलावली. "छान आहे, काकी."

ही कला त्याने कित्येक वर्षांत कमावली होती. व्हर्मांटच्या त्या खोऱ्यात नाणं क्वचितच दिसे. बायका लोणी, अंडी, पिसं दुकानात आणत आणि मीठ, सुया, चहा घेऊन जात. लोण्याच्या गोळ्यावर उमटवायचा लाकडी साचा प्रत्येकीचा वेगळा. कुणाचा हंस, कुणाची गव्हाची ओंबी. गिऱ्हाईक साचा बघूनच गोळा उचले. डॉर्कसकाकीचं ओकचं पान तिच्या नवऱ्याने, जोथमने, स्वतः कोरलेलं.

काकीच्या घरात लोणी करायची ती सासू. ती गेली, पाठोपाठ जोथमही गेला, आणि बंदरगावात वाढलेली ही सून पहिल्यांदा एकटीने लोणी घेऊन आली तेव्हा ते खवट होतं. जोथमच्या थडग्यावरची माती अजून ओली होती. लेमुएलला सांगवेना. त्याने चांगल्या लोण्याच्या मोलाने ते घेतलं, बदल्यात चहा दिला. पुढच्या खेपेला सांगू, म्हणाला. पुढच्या खेपेला पहिल्या खेपेचं खोटं आडवं आलं.

"माझं लोणी घेतं कोण रे?" एकदा काकीने विचारलं होतं.

"बोस्टनला जातं, काकी. तिथले लोक तुझंच पान मागतात."

काकीने ते गावभर सांगितलं. बायका तोंडावर हात धरून हसल्या. कारण लोणी जात होतं ते मागच्या पडवीतल्या पिंपात. चाकाच्या वंगणात.

आज लेमुएल तिच्यासाठी निळं छिटाचं कापड मापत होता, तेवढ्यात तिला गाडीतून घेऊन आलेला सायलस दारातून ओरडला, "अरे, चाक किती बोंबलतंय. वंगण दे की थोडं."

"थांब, आणतो."

"तू फाड छीट. मला काय हात नाहीत?" काकी उठून पडवीत गेलीसुद्धा.

ती बराच वेळ आली नाही. मग रिकाम्या हातांनी आली. मागच्या खेपेचा गोळा पिंपात वरच होता, त्यावरच्या पानाची शीर न् शीर शाबूत होती.

"हेच का रे तुझं बोस्टन?"

लेमुएलने कात्री खाली ठेवली.

"चुकत काय होतं माझं?"

"काकी, मी..."

"काय चुकत होतं, एवढंच सांग."

"धुवायचं राहत होतं. पाणी निवळ येईपर्यंत धुवायला हवं. नाहीतर ताक आत राहतं."

"एवढंच?"

"एवढंच."

काकीने छिटाची घडी त्याच्याकडे सरकवली. "आणि सुगीच्या सणाला तुझ्या बायकोला जास्तीचा गोळा दिला होता मी. मोठी दानशूर." ती हसल्यासारखी झाली, पण हसली नाही. "जोथम गेला तेव्हा मी तरुण होते रे. शिकले असते."

त्यानंतर ती आली ती उन्हाळा सरताना, सायलसच्या गाडीतून नव्हे, चालत. हंसाच्या पिसांची पिशवी तिने काट्यावर ठेवली. "तोल. आणि काटा माझ्याकडे वळव."

त्याने तोलली. तिने पारडं थांबेपर्यंत पाहिलं, तेवढ्या मोलाचंच मीठ घेतलं. मग झग्याच्या खिशातून साचा काढून समोर ठेवला. "याचं काय येईल?"

"चहाचा अख्खा डबा ने, काकी."

"लेमुएल."

त्याने साचा उलटा करून पाहिला. दांड्याशी चीर गेली होती. तो म्हणाला, "सुयांची एक पुडी."

"आता कसं बोललास," म्हणत तिने पुडी खिशात घातली आणि ती उतारावरून निघून गेली.

लेमुएलने साचा नाकाशी नेला, या वेळी खरोखरच. लाकडाला कसलाच वास नव्हता. पाणी निवळ येईपर्यंत तिने तो धुतला होता.