चार तासांचं मौन

पाणीगेटजवळच्या एका इस्पितळात, नवजात बाळांच्या विभागात नर्स म्हणून निरुपमाताईंना बावीस वर्षं झाली होती. बाळाला हात लावून त्या म्हणत, "हे ठीक दिसत नाही," आणि बहुतेकदा ते खरं निघे. जुने डॉक्टर गोविंदराव राउंडला आले की आधी त्यांनाच विचारत. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आलेली तिशीतली डॉक्टर आकांक्षा आधी विचारू लागली, सीआरपी किती आला?

सीआरपी ही रक्तातली एक खूण. अंगात जंतुसंसर्ग पसरू लागला की ती वाढते. चार थेंब रक्त दिलं की तासाभरात आकडा हातात! आईबाप या तपासणीचं कौतुक करत आणि निरुपमाताईंच्या पोटात दुखे. आपली नजर या कागदापुढे कवडीमोल झाली? आकांक्षाचं हसणंसुद्धा त्यांना खुपू लागलं.

पादरा गावच्या श्रद्धाचं बाळ दोन दिवसांचं होतं. जन्माआधी बराच वेळ पाणी गेलं होतं, संसर्गाचा धोका होता, म्हणून आकांक्षाने सकाळीच तपासणी करून घेतली. अकराला आकडा आला, अगदी नॉर्मल. ती समाधानाने ओपीडीत गेली.

थोड्याच वेळात निरुपमाताईंनी पाहिलं, बाळ दोन घोट ओढून दूध सोडून देतंय. पाय गार लागले. फोन उचलायला हात गेलाही, पण मन आडवं आलं. कागद म्हणतोय ना सगळं छान? मग कळू दे बाईसाहेबांना! त्या गप्प राहिल्या.

तीन वाजता श्रद्धा कौतुकाने म्हणाली, "बेन, किती शहाणं आहे हो, सकाळपासून रडलंच नाही. तुम्ही बघताय ना, म्हणून मी निश्चिंत आहे."

निरुपमाताईंनी बाळाला हात लावला. न रडणारं बाळ शहाणं नव्हतं, ते मलूल पडत होतं. त्या धावतच ओपीडीत गेल्या.

आकांक्षाने कल्चरसाठी, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते पाहायला, रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू केलं. संध्याकाळी सीआरपी सहापट चढला होता. निरुपमाताईंनी मान खाली घालून सगळं कबूल केलं.

आकांक्षाने सकाळचा रिपोर्ट पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "ताई, ही खूण चढायला बारा-चोवीस तासही लागतात. सकाळच्या एका आकड्यावर मी विसंबले, ती माझी चूक. पण बाळाचे पाय गार पडलेत, हे मला कोणता कागद सांगणार होता?"

दहाव्या दिवशी श्रद्धा बाळाला घेऊन घरी निघाली. पाया पडायला वाकली, तसं निरुपमाताईंनी तिला धरलं आणि हातचं काही न राखता त्या चार तासांची हकीकत सांगितली. श्रद्धाचा चेहरा उतरला. ती बाळाला छातीशी घट्ट धरून निघून गेली.

ती पाठ निरुपमाताई विसरल्या नाहीत. विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या नर्सला त्या स्वतःची ही गोष्ट सांगतात. वाचकहो, तपासणी नजरेची वैरी नाही आणि नजरही तपासणीची नाही. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, तर रिपोर्ट काहीही म्हणो, लगेच बोला. आपल्या रुसव्याची किंमत बाळाने का मोजावी?